कादरभाईंचा उलट-सुलट खटका

मॅनेजरसाहेब, पाटील, पडद्यामागं बसलेल्या कादरभाईंच्या घरच्या भाभी, आन् कापसाच्या जिनात राबणाऱ्या माझ्या बायांनो, बापयांनो,

आत्ताच तहसीलदारसाहेब उर्दूत बोलले. लई चांगलं बोलले आसतील. मला निम्मंच कळलं. मी सिरसाळ्याच्या मांगवाड्यातला दगडू. दोर वळणं हे माझं काम. बोलणं माझं काम न्हाई. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

कादरभाई मिस्त्री गेले. चार दिवसांच्या तापात गेले. तुमी त्यांना रोज इंजनापाशी पाहिलंय. मला त्यांचं एकच काम सांगायचंय.

गेल्या साली कापसाचा बोजा घसरला आन् माझा उजवा हात मनगटातून गेला. जिनातले बोजे बांधायच्या दोऱ्या मीच देत होतो. दोर वळायच्या फिरकीचा दांडा मी फिरवायचो, दुसऱ्या टोकाला माझी बायको सोना. आता दांडा फिरवायचा कुणी? डाव्या हातानं पीळ ढिला बसायचा. दोरी तुटायची. मुनीमजी म्हणाले, "दगडू, आठ दिवस बघतो. मग दुसरा माणूस."

ते कादरभाईंच्या कानावर गेलं. कचेरीतला एक मेजावरचा पंखा पातं मोडून पडला होता. त्याची मोटार त्यांनी मागून घेतली आन् पट्टा लावून माझ्या फिरकीला जोडली. इंजनावरच्या डायनामोची वीज सोडली. फिरकी आपसूक फिरायला लागली. सोना तर मागंच सरकली.

पर दोरीचं कसं आसतं? पदर एकीकडं पिळायचे, आन् तीन पदर एकत्र करून उलटीकडं पिळायचे. तवाच दोरी धरून ऱ्हाती. मी म्हणलो, "कादरभाई, हिला उलटं फिरवता येतं का?"

"उसमें क्या? येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करतो."

केली. मोटार फिरली. पर पयल्यासारखीच! परत बदलल्या. तरीबी तीच बाजू. दुसरा कुणी आसता तर वैतागला आसता. कादरभाई हसायला लागले. "कायकू? ऐसा कायकू?" भाकरी तशीच फडक्यात राहिली. पट्ट्याला मधी पीळ देऊन आढी मारली की फिरकी उलटी फिरती, हे त्यांना ठावं होतं. पर पट्टा काढून घालेपर्यंत पदराचा पीळ उसवायचा. आन् खरं सांगू? त्यांना आता दोरीपरीस ते 'कायकू' पायजे होतं.

मोटार खोलली. मला जवळ बोलावलं. "बघ दगडू, ही तारेची गुंडाळी बाहेर, बसून ऱ्हाती. ही आतली, फिरती. बाहेरची आतलीला ढकलती. मी दोघींनाबी एकदमच उलटं केलं. मग फरक कसा पडंल? एकीलाच उलटायचं!"

नुसत्या आतलीच्या तारा बदलल्या. मोटार उलटी फिरली.

मग दर खेपेला तारा सोडाव्या लागू नयेत म्हणून त्यांनी खटका केला. दोन पात्यांचा, सहा खुंट्यांचा. मला समोर बसवलं. "तारा तू लाव." मुनीमजी ओरडले, "याला कावून हात लावू देतो?" कादरभाई म्हणाले, "मशीन त्याच्यासाठी हाय. बिघडली तर त्यालाच कळायला पायजे."

डाव्या हातानं लावल्या. मधल्या दोन खुंट्यांना आतल्या गुंडाळीच्या. वरच्या दोन खुंट्यांना विजेच्या. आन् वरून खालच्या खुंट्यांना दोन तारा, सरळ. खटका वर केला, सुलटी. खाली केला, तरीबी सुलटी! मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते काय बोलंनात. मला सापडतंय का, नुसतं बघत होते. लई येळानं दिसलं. त्या दोन तारांची फुली करायची होती! केली. वर सुलटी, खाली उलटी, मधी बंद.

भाईंनो, माझ्या जिंदगीत माझ्यासाठी कुणी असं गप बसलं न्हाई.

आठव्या दिशी दोऱ्या जिनात पोचल्या. काम माझ्याकडंच राहिलं.

परवा मी त्यांना बघायला गेलतो. अंग तव्यासारखं तापलेलं. मी इचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणतात, "दगडू, आपुन आतलीच्या तारा उलटवल्या. आतली तशीच ठेवून बाहेरचीच्या बदलल्या आसत्या तर?"

"ठावं न्हाई, कादरभाई."

"मग करून बघ. आन् मला येऊन सांग."

दुसऱ्या दिशी सकाळी इंजन सुरू व्हायच्या आधी समद्या तारा सोडल्या, या येळी बाहेरचीच्या खटक्याला लावल्या. वीज आली. खटका दाबला. बघितलं आन् तसाच पळत निघालो. वेशीतच खबर लागली.

सांगायचं राहून गेलं. त्यासाठीच आज उभा राहिलोय.

कादरभाई, फिरती. तशीबी उलटीच फिरती.

समद्यांनी उभं ऱ्हावं. घडीभर कुणी काय बोलू नका.

सलाम, कादरभाई.