भगिनी शहराचं नाचमंडळ

बल्गेरियात प्लोव्दिवजवळच्या आमच्या छोट्या शहरात मी हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“ज्लाटका, इटलीतल्या आपल्या भगिनी शहराला यंदा तूही चल. नाचमंडळात घालते तुझं नाव.”

“पेंका, अगं गुडघे दाखवायला आलेय मी इथं. नाचू कशानं?”

“नाचता येतंय कुणाला? प्रत्येकीला एक मोठी बॅग नेता येते. तुझ्या मिरचीच्या चटणीच्या तीस बरण्या सहज बसतील. तिकडे हातोहात खपतात.”

“आणि नाचाचा पोशाख?”

“तोच बरण्यांभोवती गुंडाळायचा. एकही फुटत नाही.”

“म्हणजे नऊ वर्षांत तिकडे जाऊन एकदाही नाचला नाहीत?”

“दरवर्षी काहीतरी होतं. कधी पाऊस, कधी ढोलवाला आजारी.”

“यंदा मात्र स्टेजवर तासभर नाच ठेवलाय म्हणे. नगरपालिकेत पत्रक लागलंय.”

“तेच वाचून माझी झोप उडाली. मग त्यांच्या गायनमंडळाच्या रोझेल्लाबाईंना पत्र टाकलं. कार्यक्रम त्याच ठरवतात.”

“द्राक्षांच्या हंगामात इकडे येतात, त्याच ना? मी त्यांच्याकडून चामड्याची पर्स विकत घेतली होती. गाणं मात्र कधी ऐकलं नाही.”

“कसं ऐकशील? वीस जणी येतात आणि वीसही जणींचा घसा बसलेला असतो. मी लिहिलं, तुम्ही आम्हाला नाचवू नका, आम्ही तुम्हाला गायला लावणार नाही.”

“मग?”

“चार दिवसांत उत्तर आलं. नाच रद्द, आणि दोन्ही शहरांच्या मैत्रीचा करार आणखी दहा वर्षं वाढवलाय.”

“मग मी इथं कशाला बसलेय? ऊठ, मिरच्या भाजायच्यात.”