हसवणाऱ्याला किती खून माफ?

मंडळी, आज एकच विचारतो. जो आपल्याला हसवतो, त्याला आपण किती खून माफ करतो? एक? दोन? नुसत्या माना डोलवू नका — ऐका!

गेल्या शिमग्याला मेहुण्यांकडे गेलो होतो. म्हणाले, "बुवा, चला दुपारच्या खेळाला. विनोदी आहे!" गेलो! का हो? बुवाने सिनेमा बघू नये असं कुठल्या पोथीत लिहिलंय? शेजारच्या खुर्चीवर त्यांच्याच आळीतल्या इंदुमतीबाई खरपुडे. साठी उलटलेली, सुनेबरोबर आलेल्या.

पडद्यावर नायक कोण? सुपारी घेऊन माणसं मारणारा! पण काय गोड हो! मांजराला दूध पाजतो, आईला फोन करतो — "जेवलीस का गं?" — आणि फोन कानाला तसाच ठेवून समोरच्याच्या डोक्यात वरवंटा घालतो! थिएटर हसतंय! मी? खोटं कशाला बोलू — पोट धरून हसलो!

मग तो एका गोदामाशी येतो. दारात वॉचमन भाकरी खातोय. नायक शेजारी बसतो. "होऊ दे निवांत, मला घाई नाही!" त्याच्याच ताटातला ठेचा चाखतो, "वा!" म्हणतो — आणि खुपसला चाकू! लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं!

आणि इंदुमतीबाई ताडकन उठल्या.

"आजी, खाली बसा! सिनेमा आहे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ठाऊक आहे मला!" बाईंचा आवाज फाटला. "आमचे हे गुळाच्या गोदामावर वॉचमन होते. असेच मारले त्यांना, जेवता जेवता! आणि मी हसले हो... आत्ता मी हसले!"

राम कृष्ण हरी!

सुनेने त्यांना बाहेर नेलं. मी मागोमाग पाणी घेऊन गेलो. बाई पायरीवर बसल्या होत्या. म्हटलं, "बाई, ते सगळं खोटं असतं."

"बुवा, मारणाराही असाच गमत्या होता. जज्जसाहेबांनी विचारलं, 'का मारलंस?' म्हणाला, 'साहेब, दार उघड म्हटलं, तर आधी पिठलं संपवतो म्हणाला!' अख्खं कोर्ट हसलं. माझा सख्खा दीर हसला! बारा वर्षं त्याच्या घरचं पाणी प्यायले नाही मी. आज कळलं, त्याला हसू कसं आलं ते."

चार घरी कथा सांगणारा मी — नुसतं पाणी पुढे केलं!

बाईंनी डोळे पुसले. सुनेला म्हणाल्या, "रिक्षा बघ. भाऊजींकडे जाऊ."

आणि गेल्या हो! त्याच दुपारी गेल्या!

मंडळी, सिनेमा बघा, खुशाल हसा. पण तुमच्या चौकात एक लाडका दादा आहे. कुणाचा हात कसा पिरगाळला, कुणाला नाक घासायला कसं लावलं, ते रंगवून सांगतो, आणि तुम्ही टाळ्या देता. ज्याचा हात मोडला, तो कुठे राहतो माहीत आहे? जाऊन आलात कधी? नाही ना!

मग विठ्ठलापुढे हात कुठल्या तोंडाने जोडता?