पडलेला स्क्रू

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांसमोर एक बाई येऊन थांबल्या.

"फिटरकाका, ओळखलंत? उपग्रहात स्क्रू पाडणारी मी!"

"अगं, तू होय! केवढी भेदरली होतीस."

"नोकरी गेलीच वाटलं होतं. तुम्ही साहेबांना ठणकावलंत, पोरीनं स्वतःहून सांगितलंय, आता उपग्रह उघडा. तीन दिवस माझ्याबरोबर शोधलात. आज त्याच विभागाची मी प्रमुख आहे, काका. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार कसले? तुझ्याआधी माझ्याही हातून एका उपग्रहात असाच स्क्रू पडला होता. मी तोंड शिवून बसलो. तो उपग्रह वर गेला आणि मुकाच राहिला."

"हे कधी बोलला नाहीत!"

"धीर नव्हता, पोरी. तुझा स्क्रू सापडला, त्या दिवशी मला कितीतरी वर्षांनी शांत झोप लागली."