बिननावाचा ताप

(कर्जतचा एक लहानसा दवाखाना. भातकापणीचे दिवस. बायकांच्या खोलीत दोनच खाटा: एकीवर शेलूची पुतळाबाई, दुसरीवर कशेळ्याकडची जना.)

पुतळाबाई : इष्टा... इष्टाफिलो... पुढचं जिभेवर ठरत नाय बघ. पण माझ्या रक्तात तोच जंतू निघाला. पार मुंबईला रक्ताची बाटली धाडली, तिथं बाटलीत उगवला तवा वळखला त्याला.

जना : किती येळा सांगाल, मावशी! जावई मिरवावा तसा जंतू मिरवताय.

पुतळाबाई : मिरवणारच. कापताना विळा लागला पायाला, त्या वाटंनं आला मेला. आख्ख्या शेलूत हाय का कुणाकडं असलं विंग्रजी नाव? तुझ्या बाटलीत काय निघालं गं?

जना : तेच तर. कायपण उगवलं नाय म्हणे.

पुतळाबाई : मग तोंड का उतरलं?

जना : सासूबाई म्हणतात, डाक्टरला सापडत नाय ते बाहेरचं असतं. आज हे टेंपो घेऊन येतायत, मला भगताकडं न्यायला. सुया तर संपल्या नायत अजून. डाक्टरीणबाई म्हणाल्या, मधेच सोडल्या तर ताप फिरून उठंल, आन मग नाडी सापडायची नाय.

पुतळाबाई : तुला काय वाटतं?

जना : मन खातंय. जंतूच नाय, तर या सुया मारतात कुणाला?

पुतळाबाई : नाय कसा? इथं यायच्या आधी गावात तापाची सुई घेतलीस ना?

जना : घेतली. डाक्टरीणबाईपण तेच म्हणाल्या, त्या सुईनं तो अर्धमेला झाला असंल, म्हणून बाटलीत उगवला नाय.

पुतळाबाई : मग! भाजलेलं भात राबाच्या वाफ्यात पेरलं तर रोप येतं का? आन रोप नाय आलं, म्हणून पेरलंच नव्हतं म्हणशील?

जना : श्श! आले हे.

जनाचा नवरा : चल गं. टेंपो फाटकाशी लावलाय. आई पुढं बसलीय, मांडीवर नारळ-लिंबू घेऊन.

पुतळाबाई : ये रं बाबा. आमा दोघींना एकाच राती आणलं, आठवतं? दोघींचे हात बरफागत, दोघी बोलवलं तरी ओ देत नव्हतो. माझा जंतू सापडला, हिचा नाय. आन आता? मी भाकर मागते, हीपण मागते.

जनाचा नवरा : ही जास्तच मागते.

जना : गप बसा!

पुतळाबाई : डाक्टरीणबाईंनी अशी पुष्कळ माणसं बघितलीत. त्या म्हणतात, जंतू सापडो न सापडो, जी वाचली ती येळेवर आली आन औषध पुरं केलं म्हणून.

जनाचा नवरा : मला पटतंय, मावशी. पण आईला काय सांगू? ती म्हणते, ज्याला नाव नाय त्याला औषध कसलं?

पुतळाबाई : असं म्हणते? मग ऐक. ही आल्यापासून माझ्याशी बोलते, 'हे आले', 'हे गेले', 'यांना दुधी आवडत नाय'. मी रोज इचारते, पण नवऱ्याचं नाव काय ओठावर येत नाय हिच्या. म्हंजे हिला नवराच नाय का?

जनाचा नवरा : हाय की! हा काय, ढळढळीत उभा हाय.

पुतळाबाई : आन तुझी आई घेते कधी तुझ्या बापाचं नाव?

जनाचा नवरा : जन्मात नाय! रेशनकार्डाच्या टायमालापण मलाच पुढं ढकललं.

पुतळाबाई : मग तेवढंच जाऊन सांग तिला.

जनाचा नवरा : चिडंल आधी. मग पदर तोंडाला लावून हसंल. पण हिचं काय? बोल गं, राहतीस?

जना : राहते. आईंना म्हणावं, बरी झाले की भगतबाबांच्या पाया पडायला नक्की जाऊ.

पुतळाबाई : असं कोरडं नाय चालायचं. राहतेस तर नाव घेऊन सांग.

जना : अगं बया, इथं? दवाखान्यात?

पुतळाबाई : घे गं! सिस्टरपण आली बघ दारात.

जना : कापणीच्या विळ्याला चांदीची धार,
हिरूरावांचं नाव घेते, सुया पुऱ्या करणार.

हिरू : आईला सांगून येतो. नारळ... नारळपण इकडंच आणतो.

जना : गेले बघा कसे लाजून. कळलं ना आता, मावशी, नाव?

पुतळाबाई : नाव आत्ता कळलं गं. माणूस सिस्टरनं सांगितलं तेव्हाच कळला होता. त्या राती तुला पाठुंगळी घेऊन आला, तेव्हा पायात वहाणपण नव्हती त्याच्या.