अल्बममधली माझी ओळ

—नाही हो, खरंच न्या हे क्लॅरिनेट. नुसतं पडून राहिलं तर लाकूड सुकून तडकतं, त्यापेक्षा तुमच्या चैत्रालीनं शाळेच्या बँडमध्ये वाजवलेलं बरं. बसा ना दोन मिनिटं या बाकावर, केतकी. काय? मी बँड का सोडला? दमलो. दुसरं काय! ऑफिस आहे, गुडघा आहे, आणि दर रविवारी कोमिनकानमध्ये — आपलं समाजमंदिर म्हणा — पंधरा-सोळा निवृत्त जपानी आजोबांबरोबर तीन-तीन तास... म्हणजे ते खोटं नाही, पण कारण ते नाही.

अल्बम ऐकलात ना तुम्ही? ग्योतोकुचे आम्ही आणि एदोगावाचा बायकांचा एक बँड, दोघांनी मिळून केला. जुन्या अमेरिकन स्विंगची नऊ गाणी — आपोआप पाय हलायला लागतात असली. आमचे म्होरके ओकुबोसान, शहात्तर वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. पाचव्या गाण्यात क्लॅरिनेटचा एकट्याचा तुकडा त्यांनी मला दिला होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या तुकड्याच्या शेवटी माझ्याकडून एक वळण घेतलं गेलं — स्वर खालून ओढत वर न्यायचा, वर पोचला की जरासा थरथरवायचा. कागदावर नव्हतं ते. सगळे थांबले. मला वाटलं, चुकलं. तर ओकुबोसान म्हणाले, "सत्यजित-सान, हेच ठेवायचं. कुठे शिकलात?" मी म्हटलं, शाळेत.

शाळेत! अहो, आमच्या शाळेत घंटेखेरीज काही वाजत नव्हतं. ते वळण माझ्या वडिलांचं. बार्शीला लग्नाच्या बँडमध्ये होते ते — माधव मास्तर. वरात मांडवापाशी आली की बाकीच्यांना थांबवून ते एकटेच तो स्वर ओढायचे, आणि नवऱ्या मुलाच्या मामापासून घोडेवाल्यापर्यंत सगळे गप्प! मीही वाजवलंय — आठवी ते दहावी, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीच्या बहिणीचं लग्न निघालं. मी टोपी नाकापर्यंत ओढून घेतली. वडिलांनी पाहिलं. पुढच्या सुपारीपासून मला नेलंच नाही. अभ्यास कर म्हणाले.

हे मी तुम्हाला कशाला सांगतोय — असो. तर अल्बमबरोबर एक छोटी पुस्तिका होती. प्रत्येकानं एक ओळ लिहायची, मला कुणी शिकवलं. एका आजोबांनी गल्लीतल्या न्हाव्याचं नाव लिहिलं. ट्रम्पेटवाल्या बाईंनी तुरुंगात जाऊन आलेल्या भावाचं — अगदी बिनदिक्कत! आणि मी? मी लिहिलं, शाळेचा संगीत विभाग. जपानीत आणि खाली इंग्रजीत, बारीक अक्षरात. म्हटलं, कोण वाचतंय?

वडिलांनी वाचून घेतलं, मी पाठवलेल्या प्रतीतून. बार्शी सोडून पुण्याला राहायचे ते, तिथल्या शेजारच्या अबोलीकडून. फोन आला — "ऐकलं रे. श्वास कमी पडतोय तुझा." मग म्हणाले, "शाळेचं लिहिलंस, बरं केलंस. मीही सोसायटीत तेच सांगतो." मी म्हटलं, बाबा, जेवलात का. तिकडे दुपारचे चार वाजले होते.

फेब्रुवारीत गेले ते. मार्चमध्ये ओकुबोसाननी कळवलं, पुस्तिका पुन्हा छापतोय, दुरुस्त्या असतील तर पाठवा. बसलो, टाईप केलं — वडील, माधव मास्तर, बार्शीचा बँड. तेवढ्यात लता चहा घेऊन मागे उभी; ओळ अर्धीच दिसली तिला. "मास्तर? कुठला बँड?" तिला लग्नात सांगितलं होतं ना, सासरे संगीत शिक्षक. बावीस वर्षं झाली. तिच्या माहेरी तर — जाऊ दे. मी म्हटलं, अगं, दुसऱ्या कुणाची ओळ आहे, मी नुसती तपासतोय. आणि ती आत गेल्यावर खोडून टाकली. कुणी धाक घातला नव्हता, कुणी अडवलं नव्हतं. माझ्या हातानं खोडली. नवी प्रत आली, तीत शाळाच.

पुढच्या रविवारी पाचवं गाणं निघालं. तुकडा आला, आणि मला ते वळण घेता येईना. श्वास होता, बोटं होती — येईना. तीनदा थांबलो. ओकुबोसान नुसते समोरचे कागद सरळ करत राहिले. चौथ्यांदा मी कागदावर होतं तेवढंच वाजवलं. अगदी बरोबर वाजलं. सगळ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या हो. त्यानंतर गेलो नाही.

असं बघू नका माझ्याकडे. लता वाईट नाही. सांगितलं असतं तर कदाचित हसली असती, "एवढंच ना" म्हणाली असती. तेच तर! ती तसं म्हणाली असती, तर मग बावीस वर्षं मी त्या माणसाला कशासाठी लपवून—

आली बघा लता. बाइतो, ते अर्धवेळचं काम, सुटलं वाटतं, दुकानातून थेट सायकलवर... अगं, काही नाही, केतकीला ती तोंडाशी लावायची पट्टी, रीड, ओली कशी करायची ते सांगत होतो. हो, झालं सांगून. — बरं, निघा तुम्ही केतकी, चैत्राली वाट बघत असेल.