पुढची जागा

—नाही नाही, बसा, बाकावरची ही जागा मोकळीच आहे. तर तुम्ही विचारलीत ती लोककथा, विमानाचा पंखा फिरवणाऱ्या बाईची, मी तीन रूपांत नोंदवलेली आहे. इंग्लंडात, नॉर्फकच्या रूपात ती मेकॅनिकची मुलगी, डेन्मार्कात पाद्र्याची बायको, आणि स्कॉटलंडात तर चक्क भूत — तिथल्या लोकांना जिवंत बाईची गोष्ट सांगताच येत नाही. तपशील बदलतात, सांगाडा तोच: पुरुष तिच्या मदतीनं विमान उभं करतो, दुसरीला घेऊन उडतो, उतरतो, आणि पुन्हा निघताना इंजिन चालू करायला हिलाच हाक मारतो. आणि ही जाते! आपल्या हातांनी पंखा फिरवते. का? सांगणाऱ्यांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. मी शेरा मारला होता — नायिकेच्या कृतीला पुरेसं कारण आढळत नाही. विद्यापीठात असताना माणूस काहीही लिहितो.

ते पाहा, कुंपणाजवळचं पिवळं, दुहेरी पंखांचं विमान. टायगर मॉथ. ऑब्री हॅलमचं. म्हणजे — हो, त्याचंच म्हणायचं आता. धान्याच्या कोठारात सापडलं त्याला, कोंबड्या अंडी घालत होत्या आत. पंखांवरचं कापड मी शिवलं. वरून मी सुई घालायची, खालून ऑब्रीनं परत द्यायची, फासळीगणिक गाठ — दोन हिवाळे आम्ही एकमेकांचे चेहरे न बघता बोललो, पंखाच्या अल्याड-पल्याड. नवरा? छे! म्हणजे — विचारलं होतं त्यानं, शेवटच्या गाठीला. मी म्हटलं, आधी हे उडू दे, मग वर गेल्यावर सांगते. पुढच्या जागेतून मागे वैमानिकाशी बोलायला रबरी नळी असते, तिच्यातून. आज सांगायचं होतं. सँडविचेस दोघांपुरती केलीत — घ्या ना, काकडीची आहेत.

ठरलं असं होतं की तो एकटा विमान इथे आणणार, आणि मग या विमानांच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर मी पुढच्या जागेत बसणार. कुंपणावरून पिवळं दिसलं, मी उभी राहून हात हलवला — आणि पुढच्या जागेत डोकं! मला वाटलं, वजनाला पोतं ठेवलंय. पोत्यानं उलट हात हलवला. फेनेला, आमच्या फ्लाइंग क्लबची नवी सभासद. उतरली ती माझी चामडी टोपी घालून, माझ्या मापानं शिवून घेतलेली. 'हेस्टर, जरा घट्टच होते गं ही,' म्हणाली, 'आणि त्या नळीतून काय काय बोलतो हा माणूस, हसून हसून पोट दुखलं!' आणि ऑब्री? 'अगं, तू तर घरचीच. तू काय, कधीही बसशील.'

रागावले? नाही हो. मी लोककथांची अभ्यासक आहे, मी फक्त रूपांची तुलना करते आहे. असं बघा — या विमानाला आपणहून सुरू होता येत नाही. कुणीतरी पुढे उभं राहून हातानं पंखा फिरवावा लागतो. फिरवणाऱ्यानं विचारायचं, 'स्विच बंद?', वैमानिकानं म्हणायचं, 'बंद', मगच पात्याला हात. स्विच चालू राहिला तर पातं अचानक फिरतं, हात जातो, कधी जीवही. म्हणून तर ते स्विच बाहेरच्या अंगाला बसवलेत, समोरच्याला डोळ्यांनी दिसावेत म्हणून. मी कधी पाहिलेच नाहीत. ऑब्री बंद म्हणाला की बंद. मला त्यात काही —

ऐकलंत? 'हेस्टर! ये गं, पंखा फिरव! फेनेलाला अजून एक चक्कर हवीय!'

आले, आले!

का जाते म्हणता? कारण त्या इंजिनाची खोड इथे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. उलटा झटका देतं, नवख्याचं मनगट मोडेल. एवढं साधं कारण — मग डेन्मार्कात मला कुणी सांगितलं का नाही? धरा हा डबा, संपवून टाका. नाही, माझ्यामागे येऊ नका, तिथे पंख्याचा वारा लागेल. जा तुम्ही.

—ऑब्री! स्विच बंद?

नाही, सांगू नकोस. हात काढ त्या स्विचवरून. मला पाहू दे.