उसनं घेतलेलं नासपतीचं झाड

आदरणीय अध्यक्षा श्रीमती फिलिपा गाउल्ड, आपल्या चर्चचे पाद्री रेव्हरंड हेल, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती मुरिएल ट्रँटर, आईला न्यायला ब्रिस्टलहून आलेल्या त्यांच्या कन्या हेलेना, आणि चहाच्या टेबलाजवळच्याच खुर्च्या धरून बसलेल्या, वेदरकोंब बागप्रेमी मंडळाच्या तमाम सभासद बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी माझी ओळख 'वक्ते' अशी करून दिली. त्यांचा गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. मी या गावात उभा जन्म जनावरांची डॉक्टरकी केली. माझ्या पेशंटांनी माझ्याकडे कधी भाषण मागितलं नाही. एखादी गाय फार तर लाथ मारायची, पण ती तरी मनापासून मारायची. तेव्हा मी जे घडलं ते सांगतो. त्याला कुणी भाषण म्हणायचं असेल तर म्हणावं.

मुरिएल उद्या सकाळी गाव सोडून जात आहेत. गुडघे ऐकत नाहीत आणि घराचा जिना ऐकून घेत नाही, म्हणून लेकीजवळ, ब्रिस्टलला, लिफ्ट असलेल्या इमारतीत. आज या कार्यक्रमात आपण एका फलकाचं अनावरण करणार होतो. निमंत्रणपत्रिकेत तसं छापलंही आहे. तो फलक इथं का नाही, असं मघापासून निदान चौघांनी मला विचारलं. त्याचं उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे, आणि त्याला थोडं मागं जावं लागेल.

आपल्या मंडळाची वार्षिक सहल मुरिएलनी किती वर्षं नेली हे मोजण्याच्या भरीस मी पडत नाही. त्यांच्याबरोबर बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला त्यांचा एक दंडक ठाऊक आहे. कुठल्याही बागेत गेल्यावर 'अय्या, किती सुंदर!' असं म्हणायला बंदी. विचारायचं काय, तर 'हे इथं का आहे?' ज्याला उत्तर मिळालं नाही, त्यानं ती गोष्ट घरी आणायची नाही. दंडक फार चांगला. पण तो त्यांना सुचला कसा? त्यांनी स्वतः तो सुरुवातीला पाळला नव्हता, म्हणून सुचला.

ग्रानाडाला त्या पहिल्यांदा गेल्या, तेव्हा तिथल्या राजवाड्याच्या बागेत मधोमध वाहणारा दगडी पाट पाहून वेड्या झाल्या. घरी येऊन त्यांनी हुबेहूब तसाच पाट खणून घेतला. आता, ग्रानाडात पाणी असं मिरवतात, कारण तिथं ते दुर्मिळ. आपल्या सॉमरसेटमध्ये पाण्याचं कौतुक कोण करणार? ऑक्टोबर लागला, पाऊस लागला, आणि तो पाट कुंपणाखालून शेजारच्या ऑब्री स्टोक्सच्या वाफ्यात शिरला. ऑब्रीचे लीक, म्हणजे ते लांब दांड्याचे पांढरे कांदे, जे त्या वर्षी प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेणार होते, ते आडवे झाले.

(ऑब्री, तू मान हलवू नकोस. पहिलं नाही, दुसरं घेणार होते. पहिलं माझ्या लीकना मिळालं असतं. असो.)

ऑब्री हा माझ्या वर्गातला. गावाबाहेर फारसा कधी गेला नाही. त्याचं म्हणणं, जे पाहायचं ते चालत जाण्याच्या अंतरात नसेल तर ते आपल्यासाठी नाही. असा माणूस आणि वर्षाला एक देश पालथा घालणाऱ्या मुरिएल, यांच्यामध्ये एक लॉरेलच्या झुडपांचं कुंपण. त्या दिवशी ऑब्री कुंपणावरून म्हणाला, "मिसेस ट्रँटर, तुमचं स्पेन माझ्या वाफ्यात आलंय. घेऊन जा."

मुरिएल म्हणाल्या, "मिस्टर स्टोक्स, उतार तुमच्याकडे आहे, त्याला मी काय करू?"

झालं. बोलणं बंद. आपल्याकडे भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे, हे तुम्ही जाणताच. आपल्याकडे भांडण झालं की माणसं कुंपण छाटायचं सोडून देतात. दोघांनीही हात लावला नाही. लॉरेल ते, त्याला काय, माजलं. बघता बघता दोन पुरुष उंच झालं. मुरिएलच्या स्वयंपाकघरात दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. मुरिएलचे यजमान, आपले कै. सिरिल, मला एकदा म्हणाले होते, "लेनर्ड, हिला प्रवासाला जाऊ दे, पण कुणीतरी हिचे डोळे बांधून पाठवा रे."

सिरिलचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पाटानंतर मोरोक्कोची निळी भिंत आली. तिकडच्या उन्हात ती म्हणे गाते. आपल्या ढगाखाली ती सार्वजनिक पोहण्याच्या तलावासारखी दिसायची. इटलीहून कुंड्यांतली लिंबं आली. ती थंडीत मरतील म्हणून सगळा हिवाळा न्हाणीघरात राहिली, आणि सिरिल बिचारे लिंबांच्या सोबतीनं आंघोळ करत. मुरिएलनी एकेक चूक स्वतःच्या हातानं उपटून काढली, हे मात्र मी सांगितलं पाहिजे. भिंत त्यांनी पिकल्या गव्हाच्या रंगाची केली. ढगाळ दिवशीही तिच्यापाशी उभं राहिलं की जरा ऊब वाटते, याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे.

मग सिरिल गेले. दुसऱ्या वर्षी मुरिएल एकट्याच क्योतोला गेल्या. तिथल्या एका देवळाच्या बागेत वाटाड्या बाईंनी त्यांना सांगितलं, की ही बाग एवढीशीच आहे, पण पलीकडचा डोंगर आम्ही उसना घेतला आहे. म्हणजे काय, तर झाडं अशी राखायची की लांबचा डोंगर आपल्याच बागेतला वाटावा. मुरिएल म्हणाल्या, आमच्याकडे डोंगर नाही.

"मग कुंपणापलीकडे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"शेजारी."

बाई म्हणे पुष्कळ हसल्या आणि म्हणाल्या, "मग अवघड आहे."

मुरिएल परत आल्या त्या आठवड्यात त्यांनी माणसं बोलावून ते लॉरेल कमरेइतकं उतरवलं. ऑब्रीला विचारलं नाही. कुंपण त्यांच्या हद्दीतलं, त्यामुळे विचारायची गरजही नव्हती. ऑब्री सकाळी परसात आला तो पायजम्यावर, आणि समोर उजाड. तो तडक माझ्याकडे आला. "लेनर्ड, त्या बाईनं मला गावासमोर उघडा पाडला! माझी दोरीवरची बनियनंसुद्धा दिसतात तिला!"

मी म्हणालो, "मग नवी घे."

त्यावर तो माझ्याशीही महिनाभर बोलला नाही.

आणि मग जूनमधला आपला खुल्या बागांचा रविवार आला. त्या दिवशी हातात तिकीट असलेल्या माणसाला कुणाच्याही फाटकातून आत जाता येतं आणि त्याला कुणी हाकलू शकत नाही. हा या गावचा अलिखित कायदा. चर्चच्या छपराच्या निधीसाठी आपण एवढी वैरं दिवसभर गुंडाळून ठेवतो. दुपारी ऑब्री कोट-टाय घालून, तिकीट समोर धरून मुरिएलच्या फाटकात उभा राहिला. मी आत केक खात होतो, म्हणून हे ऐकीव नाही.

"नमस्कार. बाग पाहायला आलोय," तो अनोळखी पाहुण्यासारखा म्हणाला.

"या. डावीकडून सुरुवात करा. शेवाळावर पाय देऊ नका," मुरिएलही तशाच म्हणाल्या.

त्यानं सगळी बाग नीट पाहिली. शेवटी भिंतीजवळच्या बाकावर बसला. तिथून कमरेएवढ्या कुंपणावरून समोर दिसत होतं त्याचंच नासपतीचं झाड, जुनं, एका अंगाला कललेलं, उन्हात उभं. मुरिएलनी खालची सगळी झुडपं त्या झाडाच्या कलानं लावली होती. बागेचा शेवट म्हणून काही उरलाच नव्हता. 

"ते झाड कुणाचं?" त्यानं विचारलं.

"शेजाऱ्यांचं. गृहस्थ जरा तिरसट आहेत, पण झाड चांगलं आहे."

"फळ धरत नाही ते. नुसती पानं गळतात. या थंडीत तोडणार होतो."

"तुमचं झाड, तुमची कुऱ्हाड."

ऑब्री उठला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "या बाजूनं मी ते कधी पाहिलंच नव्हतं." मग चहा न पिता निघून गेला. झाड अजून उभं आहे. त्यानंतर कधीतरी मिस्टर स्टोक्सचा ऑब्री झाला आणि मिसेस ट्रँटरची मुरिएल झाली. नेमकं कधी ते मला ठाऊक नाही, आणि तशी चौकशी करणं आपल्या गावात बसत नाही.

आता फलकाकडे येतो. घर विकलं गेल्याचं कळलं, त्यानंतरच्या आपल्या बैठकीत ऑब्री स्टोक्स उभा राहिला. ज्यानं आजवर बैठकीत 'खिडकी लावा' यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, त्यानं ठराव मांडला: ट्रँटर बाग आहे तशी जतन व्हावी, एक रोपटंही हलू नये, तसा फलक फाटकावर लागावा. तुम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. घर घेणारं तरुण अडेयेमी दांपत्य, ते आज इथं आलं आहे, त्यांनीही भिडस्तपणानं हो म्हटलं. बिचारे गावात नवे, नाही कसं म्हणणार? आणि ही आनंदाची बातमी मुरिएलना कळवायचं काम माझ्याकडे आलं.

मी गेलो. मुरिएलनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "लेनर्ड, मी मेले का?"

"नाही," मी म्हणालो. डॉक्टर म्हणून एवढं तरी खात्रीनं सांगता आलं.

"मग माझं थडगं कशाला बांधताय? घर घेणाऱ्या त्या मुलीनं माझा वाफा झाडून पुसून ठेवत बसायचं, आणि तिच्या मनात असेल ते कधी लावायचं? हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

मी ऑब्रीचं नाव सांगितलं. त्यांनी काठी घेतली आणि कुंपणापाशी गेल्या. ऑब्री पलीकडे वाटाण्यांना काठ्या रोवत होता. मी कप हातात घेऊन मागं उभा राहिलो. जावं की थांबावं ते कळेना, म्हणून थांबलो.

"ऑब्री, बाग कुठं जात नाहीये. मी जातेय. ते ठरावानं थांबत नाही."

तो वाटाण्यांकडेच पाहत राहिला. "ठाऊक आहे मला."

"मग?"

"तुम्ही इतकी वर्षं माझं झाड उसनं घेतलंत. मी काय घेत होतो ते कधी विचारलं नाहीत."

"काय घेत होतात?"

"खिडकी. तुमच्या स्वयंपाकघराची. माझी डोरीन गेल्यापासून सकाळी उठायचं कशाला हेच मला कळत नसे. कुंपण उतरलं, आणि तुमचा दिवा दिसायला लागला. तो लागला की मी उठून किटली ठेवतो." आणि मग त्यानं एक चांगली धडधाकट काठी मोडली. "आता कशावर ठेवू?"

मंडळी, मी पुष्कळ जनावरांची दुखणी पाहिली आहेत. ती कुठं दुखतं ते सांगत नाहीत, म्हणून आम्हाला हातानं चाचपावं लागतं. ऑब्रीला मी शाळेपासून ओळखतो. त्यानं असं आपणहून सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला गहिवरून आलं. हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

मुरिएल म्हणाल्या, "तुमच्या झाडाची आठवण येईल असं म्हणणार होते मी. झाडाची नाही, ऑब्री. तुमची येईल." मग म्हणाल्या, "त्या घरात माणसं येताहेत. दिवा तीही लावतीलच. पण तुम्ही कधी आपणहून बोलत नाही, तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी ऑब्रीनं येऊन ठराव मागं घेतला. फलक इथं नाही तो म्हणून. रंगवणाऱ्याला मी तसं कळवलं आहे.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मुरिएल गेला आठवडाभर अध्यक्षांकडे राहतात, घराचा ताबा देऊन झालाय, अडेयेमी मंडळी कालच तिथं राहायला आली आहेत, आणि त्यामुळे आज सकाळची गोष्ट त्यांच्या कानावर आलेली नाही. मला सकाळी ऑब्रीचा फोन आला. भडकला होता. "लेनर्ड, नऊ वाजता दिवा लागला! नऊ! मी सहापासून किटलीशेजारी उभा. नऊ वाजेपर्यंत चहाशिवाय कोण राहतं? शेवटी गेलो आणि दार वाजवलं."

"तू वाजवलंस?"

"मग काय करू? तर ती पोरगी म्हणते, मी इस्पितळात नर्स आहे, रात्रपाळी करून आत्ता आले. मला आत बसवलं. चहा दिला. बरा होता. आणि ऐक, ती बाग बदलायची म्हणते."

"काय करायचं म्हणते?"

"कुंपणात फाटक. मधोमध. नायजेरियात, इबादानला, तिच्या आजोळी म्हणे शेजारच्या घरी जायला कुणी रस्त्यावरून जात नाही. अंगणातून जातात. मुरिएलचं कुंपण कापायचं, लेनर्ड! सरळ कापायचं!"

मी भीत भीत विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

तो म्हणाला, "म्हणालो, बिजागऱ्या माझ्याकडे आहेत."

मुरिएल, रुमाल घ्या. हेलेना, आईला पाणी दे.

अध्यक्षांनी मला बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी केक समोर असूनही ऐकून घेतलं, मंडळाच्या भगिनींनी हे सभागृह इतक्या फुलांनी सजवलं, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. एका खासगी बोलण्याची मी आज जाहीर वाच्यता केली, त्याबद्दल मुरिएलनी आणि ऑब्रीनं मला माफ करावं. माझ्या बोलण्यात आणखीही कमी-जास्त झालं असेल, ते आपण सर्वांनी म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घालावं. आणि मिसेस अडेयेमी, फाटकाची कडी मात्र तुमच्या बाजूनं लावून घ्या. हा माणूस सहाला उठतो.

धन्यवाद.